लहान महाविद्यालय, टेनिस आणि हजेरीपट

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही लहान कनिष्ठ महाविद्यालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो. प्रयोगशाळेचा किंवा ग्रंथालयाचा तो नसतो, शिक्षक किती आणि कसे याचाही नसतो. प्रश्न एवढाच असतो : "सर, हजेरीचं काय हाय तुमच्याकडं?"

गेल्या खेपेस हाच प्रश्न घेऊन एक पालक आमच्यासमोर बसले होते. शेजारी मुलगी होती. दहावीपर्यंत ती छत्रपती संभाजीनगरला मामाकडे राहिलेली, आणि तिथे टेनिस शिकलेली. वडील म्हणाले, "नाव तुमच्याकडं टाकतो सर, बसंल लातूरला. डॉक्टर व्हायचंय म्हणती. म्हनलं, मग दोन वर्षं ती रॅकेट माळ्यावर टाक." मुलगी काही बोलली नाही. तिची नजर खिडकीतून मैदानाकडे होती. आमच्या मैदानात टेनिसचे कोर्ट नाही. व्हॉलीबॉलचे दोन खांब आहेत आणि प्रयोगशाळेची मागची सपाट भिंत. मुलीने निघताना एकच विचारले, "सर, त्या भिंतीवर संध्याकाळी बॉल मारला तर चालतं का?"

या दोन प्रश्नांतले अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे का मांडावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की या व्यवहारात सर्वांत आधी भाषा आणि खेळ यांचा बळी जातो, आणि त्या बळीवर सही करणाऱ्यांत आपण भाषाशिक्षकही असतो.

'टेनिस' हा शब्द आमच्या भागात बहुतेकदा चेंडूपुरताच उरला आहे. टेनिस म्हणजे टेनिस बॉलवरचे क्रिकेट. रॅकेट, जाळी आणि आखलेले कोर्ट यांचा खेळ जिल्ह्यात दुर्मीळ. मात्र जिल्हा खेळाच्या बाबतीत दरिद्री नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळे याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. १९९४ नंतर या स्पर्धेत स्टीपलचेसचे पदक मिळवणारा तो पहिला बिगर-केनियन धावपटू ठरला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला कुस्तीचे सुवर्ण मिळवले. बीडचा सचिन धस २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची खेळी करून गेला.

तेव्हा इथल्या मुलांच्या अंगात खेळ नाही, असे म्हणण्याची सोय नाही. अडचण दुसरीकडे आहे. खेळायचे असेल तर खेळाच्याच वाटेने जावे लागते; डॉक्टर व्हायचे असेल तर खेळ सोडूनच जावे लागते. साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि त्याच्या धावण्याला वळण मिळाले ते तिथे. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात दोहोंपैकी एक निवडायचे, आणि जे निवडले नाही त्याचे नाव काढायचे नाही, असा आमच्याकडचा अलिखित करार आहे.

अन्यत्र हे असेच आहे काय? अमेरिकेत वैद्यकपूर्व शिक्षण ही स्वतंत्र पदवी नसते. विद्यार्थी कोणत्याही विषयात पदवी घेऊ शकतो, अगदी साहित्यातही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केले म्हणजे तो वैद्यकीय प्रवेशाच्या वाटेवर असतो. तिथल्या लहान निवासी महाविद्यालयांतील पुष्कळशी क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत मोडतात. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे जो खेळतो तो खेळण्यासाठीच खेळतो. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी टेनिस, रात्री ग्रंथालय असा दिवस तिथे अपवादाचा मानला जात नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा एक संपूर्ण भाग मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील उताऱ्यांच्या चिकित्सक वाचनाचा असतो. उतारा नीट वाचता आला पाहिजे, ही अपेक्षा तिथे भावी डॉक्टरकडून केली जाते. अर्थात तिथले शुल्क पाहिले की या चित्रावरचा रंग बराच उतरतो. ती व्यवस्था इथे आणा असे आमचे म्हणणे नाही. भावी डॉक्टरने खेळावे आणि वाचावे ही कल्पना वेडगळ नाही, एवढ्यापुरताच हा दाखला.

आपल्याकडे काय आहे? २०२५ सालच्या नीट परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. गुण ७२०, निम्मे जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायन यांचे. भाषेचा एक गुण नाही. बारावीला इंग्रजी उत्तीर्ण असले म्हणजे भाषेचे कर्तव्य संपले. राज्य मंडळात विज्ञान शाखेला दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते, आणि मराठी सोडण्याचा हा दरवाजा किती रुंद आहे हे कनिष्ठ महाविद्यालयांतल्या मराठीच्या अध्यापकांना सांगायला नको. खेळाडूंना मंडळाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. नीटच्या गुणांत खेळाचा एकही गुण मिसळत नाही.

मौज अशी की विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचला, म्हणजे आपण त्याला हीच दोन्ही परत द्यायला धावतो. २०१९ साली लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला पायाभूत वर्ग आला. त्यात भाषाकौशल्ये आहेत, खेळ आणि अभ्यासेतर उपक्रमही आहेत. पुढे वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा पाठ आहे. पंधराव्या वर्षी ज्या वस्तू अडगळ म्हणून काढून घेतल्या, त्याच अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी काही दिवसांच्या वर्गात घोटून पाजायच्या. हे शैक्षणिक शहाणपण आम्हांस उमगत नाही.

आता लातूरविषयी. लातूरची थट्टा करणे सोपे आहे; आम्ही ती करणार नाही. 'लातूर पॅटर्न' हा शब्दप्रयोग ज्या महाविद्यालयांमुळे रूढ झाला, त्यांत राजर्षी शाहू महाविद्यालय अग्रभागी. त्या महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीत साक्षेपाने परिचय करून देणारे ते अभ्यासक, पुढे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. गुणवत्ता यादी मुंबई-पुण्याचीच असते हा समज मराठवाड्यातल्या मुलांनी ज्या संस्थेतून मोडून काढला, तिची पायाभरणी साहित्याच्या एका अभ्यासकाने केली होती, ही गोष्ट आपण विसरू नये. मागास भागातल्या मुलाला शिडी मिळाली ती तिथे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वैद्यकीय प्रवेशातला सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा रद्द केला. मराठवाड्यातून तीच मागणी होती, कारण इथली वैद्यकीय महाविद्यालये मोजकी होती. त्यानंतर तर राज्यभराच्या यादीत उतरण्यावाचून मुलांना गत्यंतरच उरले नाही. या परिस्थितीत ज्या बापाने उसाच्या फडात कोयता चालवून मुलीला शिकवले, तो लातूरचा रस्ता धरतो म्हणून त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आमची तक्रार शिडीबद्दल नाही. ती एका खोटेपणाबद्दल आहे. विद्यार्थी प्रत्यक्षात बसतो शिकवणीत. नाव मात्र असते एखाद्या लहान महाविद्यालयाच्या हजेरीपटावर. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश दिला, तो याच संगनमताला आळा घालण्यासाठी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले आणि दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता येऊ लागला. तरीही प्रश्न तोच राहिला. कुणी आपल्या लहान महाविद्यालयाला पहिली पसंती दिली, की क्षणभर बरे वाटते. मग ध्यानात येते की पसंती आपल्या वर्गाला नाही, वर्गातल्या रिकाम्या बाकाला आहे. लहान महाविद्यालय निवडले जाते ते तिथे न येण्यासाठी.

या व्यवहारात आपण कुठे उभे आहोत? अध्यापकांचा कार्यभार विद्यार्थिसंख्येवर ठरतो. तुकडी टिकली तर पद टिकते. विज्ञान शाखेची तुकडी अशा कागदी विद्यार्थ्यांवर टिकते, आणि त्या तुकडीला शिकवायच्या भाषेच्या तासिकांवर कुणा तासिका तत्त्वावरच्या तरुण सहकाऱ्याची चूल पेटते. म्हणून आपण गप्प बसतो. मराठीची उपेक्षा झाली म्हणून चर्चासत्रात शोधनिबंध वाचणारे आपण, परत येऊन रिकाम्या वर्गाची हजेरी भरतो. आमच्या जिल्ह्यात 'खाडा' हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. ऊसतोडीला एक दिवस गैरहजर राहिलेल्या मजुराचे पैसे मुकादम कापतो, तो खाडा. आईने चुकवलेल्या एका दिवसाचे पैसे कापले जातात, आणि तिच्या लेकराच्या दोन वर्षांच्या गैरहजेरीवर आपण 'हजर' असे लिहितो. या विसंगतीची लाज आम्हांला वाटते. म्हणूनच हा लेख.

पण यात एवढे बिघडले काय, असेही विचारता येईल. डॉक्टरला शरीर कळावे. चेंडू आणि उतारे यांच्यावाचून त्याचे काय अडते? याचे उत्तर आमच्या जिल्ह्यानेच दिले आहे, आणि ते कडू आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये हा आकडा ८९४ होता. दहा वर्षांत नाहीशा झालेल्या या मुली कोणी अडाण्याने नाहीशा केलेल्या नाहीत. त्यासाठी यंत्र लागते आणि यंत्र हाताळणारा पदवीधर लागतो. पुढे २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यापुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली, तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहा जणींमागे एक. आमच्याकडे याला 'पिशवी काढणे' म्हणतात. हंगाम तोंडावर, खाड्याची धास्ती, पोटातले दुखणे, आणि समोर डॉक्टर. त्या पाच मिनिटांच्या संभाषणात बाई काय म्हणाली, डॉक्टरने काय ऐकले, 'पिशवी खराब झाली' या तीन शब्दांतून तिला काय कळले, हा प्रश्न शरीरशास्त्राइतकाच भाषेचाही आहे.

साहित्य वाचलेला डॉक्टर असे करत नाही, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. लोभ वाचणाऱ्यालाही असतो. पण दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत पुरते ऐकून घेण्याची सवय पंधरा ते अठरा या वयात ज्याला लागली नाही, ज्याने त्या वयात प्रत्येक प्रश्नाला चारच पर्याय असतात आणि त्यांतला एकच बरोबर असतो एवढेच पाहिले, त्याच्याकडून पुढे पाचवा पर्याय ऐकण्याची अपेक्षा कशी करावी? अनिल अवचट पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. पुढे त्यांनी हमाल, विडी कामगार, दुष्काळी गावे यांच्याकडे जाऊन जे लिहिले, त्यात रोग्याचा इतिहास विचारून घेण्याचीच शिस्त दिसते. चेखव हा डॉक्टरच होता. १८९० मध्ये सखालीन बेटावरच्या कैद्यांची पाहणी करायला तो निघाला, तेव्हा त्याच्यातला वैद्य आणि लेखक वेगळे काढता येत नव्हते.

आणि खेळ? इथे आम्हांला अब्राहम व्हर्गिस यांच्या 'द टेनिस पार्टनर' या १९९८ सालच्या आत्मपर पुस्तकाची आठवण होते. व्हर्गिस यांचा जन्म इथिओपियातला, वैद्यकीय शिक्षणाचा उत्तरार्ध मद्रासचा. टेक्सासमधल्या एल पासो शहरात ते वैद्यकाचे अध्यापक असताना डेव्हिड नावाचा एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी त्यांच्या हाताखाली आला. तो टेनिसच्या बळावर अमेरिकेत शिकायला आलेला, काही काळ व्यावसायिक टेनिस खेळलेला. रुग्णालयात व्हर्गिस गुरू आणि डेव्हिड शिष्य. संध्याकाळी कोर्टवर नेमके उलटे. रोग्याचे पोट कसे तपासावे हे सकाळी ज्याला शिकवले, त्याच्याकडून संध्याकाळी फटका कसा मारावा हे शिकायचे. आपण प्रत्येक जागी जाणते नसतो, ही गोष्ट पुस्तकातल्या दोघांना खेळाने शिकवली. डॉक्टरला याहून मोलाचा धडा कोणता? परंतु याच पुस्तकात दुसरेही सत्य आहे : डेव्हिड अमली पदार्थांच्या आहारी गेलेला होता, आणि टेनिस त्याला वाचवू शकले नाही. खेळ म्हणजे सर्व दुखण्यांवरचा उतारा नव्हे. डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची 'इन्फिनिट जेस्ट' ही १९९६ सालची कादंबरी तर टेनिसच्याच एका निवासी प्रबोधिनीत घडते. मुलांना चेंडूवाचून दुसरे जग उरू न देणारी ती जागा आमच्या शिकवणीनगरांची सख्खी बहीण शोभेल. म्हणजे खेळाचाही कारखाना होतो. प्रश्न पुस्तक की रॅकेट हा नाहीच. सोळाव्या वर्षी माणसाला एकाच वस्तूच्या मापाने कापायचे का, हा आहे.

दोन्ही जमवलेली माणसे आपल्याकडे झाली नाहीत असे नाही. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे खेळाडू होते, आणि क्रीडावैद्यकातले डॉक्टरही. त्यांचा मुलगा लिअँडर टेनिसकडे वळला व १९९६ मध्ये त्यानेही ऑलिंपिकचे कांस्य आणले. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून खेळत शिकली आणि २०२३ मध्ये रोहन बोपण्णासह आशियाई सुवर्णपदकाची मानकरी ठरली. हे अपवाद आहेत, आम्ही जाणतो. पण अपवादाला जागा ठेवणे हेच तर लहान महाविद्यालयाचे काम. मोठ्या गर्दीत मुलाचा गुणक्रम कळतो. त्याचा आवाज, त्याचे अक्षर, त्याचे पळणे कळायला वर्ग लहान लागतो.

बीड जिल्ह्याला अशा लहान जागांची परंपरा आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या असलेले अंबाजोगाई निजामी अमलात मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. तिथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. ती शाळा महानगरातली नव्हती, साधने तुटपुंजी होती. पण शिक्षक मुलांमध्ये होता आणि मुले शाळेत होती. त्याच गावात १९७० च्या दशकात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि त्याला स्वामीजींचेच नाव दिले गेले. खेड्यातल्या रोग्यासाठी खेड्याच्या जवळ डॉक्टर घडवावा, हा त्यामागचा विचार. त्या महाविद्यालयात जाऊ पाहणारी आमच्या जिल्ह्याची मुलगी मात्र त्याआधीची दोन वर्षे आपल्या गावातल्या लहान महाविद्यालयात बसूही शकत नाही.

मग करावे काय? पालकांना उपदेश करण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. ज्या लहान महाविद्यालयात प्रयोगशाळेला कुलूप आहे, भौतिकशास्त्राचे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे, त्याने "आमच्याकडेच बसा" म्हणणे ही फसवणूक होईल. पदे भरण्याची मागणी शासनाकडे करावीच लागेल. पण काही गोष्टींना शासननिर्णयाची गरज नाही. हजेरी खरी मांडावी. तुकडी मोडण्याचे भय असले तरी. प्रात्यक्षिके खरीखुरी घ्यावीत. विज्ञानाच्या मुलांना मराठीचा तास उत्तीर्णतेची औपचारिकता वाटू नये, असा तो घ्यावा. एखाद्या रोग्याचे म्हणणे लिहून आणायला सांगितले तरी भाषेचे दोन महिन्यांचे काम होते. आणि संध्याकाळी तासभर मैदान उघडे ठेवावे. कोर्ट नसेल, भिंत तर आहे.

त्या पालकांना आम्ही शेवटी एवढेच म्हणालो की मुलगी रोज वर्गात येणार असेल तर नाव इथे टाका. नुसते नाव ठेवायचे असेल तर आमच्याकडे जागा नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तरही दिले : भिंतीवर बॉल मारला तर चालते. वडील विचार करून सांगतो म्हणाले. ते परत आले नाहीत. तुकडीत एक नाव कमी झाले, आणि कार्यभाराच्या हिशेबात ते सहकाऱ्यांनी आम्हांला बोलूनही दाखवले.

आमचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. मात्र ती भिंत रोज संध्याकाळी दिसते, आणि मनात येते की आम्ही खोटे नाव नाकारले खरे. पण तिने निर्धास्तपणे खरे नाव घालावे असे महाविद्यालय आम्ही तिला कुठे दाखवू शकलो? लाज वाटायची ती या प्रश्नाची वाटावी. तिचे उत्तर पुढल्या जूनच्या आत शोधायचे आहे.